कायद्याच्या दारावरील परीक्षा

आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, हे इस्लापूरच्या नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतून शिकवीत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हे चित्र पालटत गेले. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांना कचेरीचा कागद सहज वाचता येई, त्याच घरांत पुढे कागदाची धास्ती बसली. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसणारी आपली मुले सरावाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत कमी गुण पडताच, ‘हे आपल्या भाषेतले काम नव्हे’ म्हणून मागे फिरतात, त्याचे मूळ मला या धास्तीत दिसते. म्हणून आधीच्यांनी परकी भाषा कशी पार केली ते पाहू.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १८४४ चा. मुंबईच्या मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन संस्था, आणि १८६० मध्ये विलायत. लंडनची मॅट्रिक होऊन १८६३ मध्ये ते मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. परंतु डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धा टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. त्या काळी सुएझचा कालवाही खुला झालेला नव्हता; असा प्रवास करून आलेला मुलगा घरीच राहिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. ते १८६५ मध्ये पुन्हा गेले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती तय्यबजींनीच.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. बॅरिस्टरीसाठी नाव घातलेले असतानाच त्यांनी लंडनची मॅट्रिकही द्यायचे ठरविले. त्यात लॅटिन सक्तीचे. १८९० च्या आरंभी ते लॅटिनमध्ये नापास झाले. पुढचे त्यांचे वागणे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. सगळाच अभ्यास पुन्हा पहिल्यापासून घोकत न बसता त्यांनी लॅटिनकडे अधिक लक्ष दिले, रसायनशास्त्राऐवजी उष्णता व प्रकाश हा विषय घेतला, आणि त्याच वर्षी ते उत्तीर्ण झाले. कायद्याच्या परीक्षेसाठी इतर मुले टिपणांवर भागवीत. गांधींनी मूळ पुस्तके वाचली, रोमन कायदा तर लॅटिनमधून. दक्षिण आफ्रिकेत रोमन-डच कायदा चालत असल्याने हे लॅटिन तेथे उपयोगी पडले. (आमच्याकडील ‘गाईड’प्रेमी मंडळींना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.)

आता आपल्याकडे वळू. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची ‘क्लॅट’ २००८ पासून आहे आणि महाराष्ट्रात विधी शाखेची राज्य सीईटी २०१६ पासून. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावीनंतर, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवीनंतर बसता येते. नांदेडलाच विधी महाविद्यालय असल्याने मुलींच्या पालकांनी अंतराची सबब पुढे करू नये.

सराव-प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, हे सर्वजण सांगतात. पण गुण मोजून कागद बाजूला टाकला तर पुढच्या वेळी तेवढेच गुण पडतात. चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा समोर घ्यावा आणि त्याच्यापुढे कारण लिहावे: माहितीच नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की वेळ पुरला नाही? माहिती नसेल तर पुस्तक उघडावे. घाई झाली असेल तर ‘नाही’, ‘वगळता’, ‘फक्त’ असे शब्द अधोरेखित करण्याची सवय लावावी. उर्दू किंवा मराठी माध्यमातील मुलांचा वेळ बहुधा इंग्रजी उतारे वाचण्यातच संपतो. त्यांनी नव्या प्रश्नपत्रिका विकत घेण्याआधी काही आठवडे रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचावा. २०२० पासून क्लॅट उताऱ्यांवरच बेतलेली असल्याने तेथे तर याला पर्याय नाही. चुकीच्या उत्तराला क्लॅटमध्ये पाव गुण वजा होतो. म्हणून सरावातही अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर खूण करून ठेवावी, आणि अशा अंदाजांपैकी बरोबर किती आले ते वेगळे मोजावे.