गाजरगवताची कुळकथा

सातारा-सांगलीकडील रस्त्यांच्या कडा, पडीक रानें व रेल्वेचे बांध पावसाळ्यांत ज्या बारीक पांढऱ्या फुलांनीं भरून जातात, तें गाजरगवत मूळचें या भूमीचें नव्हे. त्याचें घर मेक्सिको व अमेरिकेचा उष्ण प्रदेश. आपल्याकडे त्यास ‘काँग्रेस गवत’ हें नांव पडलें. आणि १९५६ सालच्या पी. एल. ४८० करारानें आलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर तें आलें, ही कथाही त्या नांवासंगें रूढ झाली.

परंतु तारखा या कथेस साक्ष देत नाहींत. रॉक्सबर्गनें १८१४ सालीं कलकत्त्याच्या उद्यानांतील वनस्पतींची जी यादी छापली, तींत हें झाड आहे. पुण्यांत तें १९५५ सालीं, म्हणजे कराराच्या आदल्या वर्षींच, अभ्यासकांच्या नजरेस आलें होतें. अमेरिकेचा उसना गहूं मात्र १९५१ पासून येत होता. तेव्हां गहूं निर्दोष ठरला असें नव्हे. करार तेवढा सुटला.

आगमनाहून त्याचा विस्तार अधिक विचार करण्याजोगा आहे. एका झाडास हजारों बीं येतें, हें उघड कारण. दुसरें गुप्त आहे. या गवतांत पार्थेनिन नांवाचें कडू द्रव्य असतें. पावसाच्या पाण्यानें व कुजलेल्या पाल्यांतून तें आणि त्याच्या सोबतचीं आम्लें मातींत उतरतात, शेजारच्या बियांची उगवण रोखतात व कडधान्यांच्या मुळांवरील गांठीही कमी करितात. वनस्पतींच्या अशा परस्परप्रभावास ‘ॲलेलोपथी’ हें नांव व्हिएन्नाचे प्राध्यापक हान्स मोलिश यांनीं १९३७ सालीं दिलें. हेच गृहस्थ त्यापूर्वीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेंत राहून गेले होते.

उपायांतही तोच न्याय दिसतो. १९८३ सालीं बंगळूरास मेक्सिकोहून पानें खाणारा भुंगेरा आणविला गेला. तर धारवाडकडे टाकळ्याच्या कुळांतील एका झुडुपानें आपल्या रसानेंच गाजरगवताची उगवण दाबली. तेंही झुडूप परदेशचेंच! कांट्यानें कांटा काढितांना नवा कांटा मागें राहण्याचें भय असतेंच.

मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. उकरलेल्या, तुडविलेल्या, ओसाड जमिनींत हें गवत प्रथम पाय रोवतें. दाट कुरणांत त्याचें फारसें चालत नाहीं. परकीय गव्हास वा एखाद्या पक्षास दोष देणें सोपें. पण त्याला जागा करून दिली ती आपल्याच उजाड माळांनीं व बेवारस बांधांनीं.