घाटांनी पारखलेली ‘सिल्व्हर घोस्ट’

वर्धा ते सेवाग्राम या आठेक किलोमीटरच्या रस्त्याशी मोटारीची एक गमतीदार आठवण जोडलेली आहे. जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीला येथे बैल जुंपण्यात आले आणि गांधीजींनी त्या वाहनाचे ‘ऑक्सफर्ड’ असे बारसे केले, असे सांगितले जाते. फोर्ड ही सर्वसामान्यांना परवडावी म्हणून काढलेली मोटार. तिचे गाजलेले ‘मॉडेल टी’ ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी अगदी दुसऱ्या टोकाची, हाताने घडविलेली एक मोटार मुंबई-कोल्हापूर मार्गावर आपली परीक्षा देत होती. ती होती रोल्स-रॉईसची ‘४०/५० अश्वशक्ती’. जग तिला पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने ओळखू लागले.

मुळात हे नाव एकाच गाडीचे. हेन्री रॉईस हा हाडाचा कारागीर आणि चार्ल्स रोल्स हा मोटारींचा उमराव विक्रेता. दोघांची भेट ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात झाली. १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात नवी सहा सिलिंडरची मोटार मांडण्यात आली. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी १९०७ मध्ये यांपैकी एक गाडी चंदेरी रंगात रंगवून घेतली, तिचे दिवे व इतर भाग चांदीच्या मुलाम्याचे केले आणि तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव दिले. ‘घोस्ट’ अर्थात तिच्या आवाजावरून, किंबहुना आवाज नसण्यावरून. त्या वर्षी निरीक्षकांच्या देखरेखीखाली तिने १५ हजार मैलांची चाचणी दिली. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्याने आपोआप बंद झाली, तेवढीच एक अडचण. त्यानंतर १४ हजारांहून अधिक मैल ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही.

इंग्लंडमधील रस्त्यांवरचा हा विक्रम भारतातील ग्राहकाला पुरेसा वाटणे कठीण होते. येथे धूळ, उन्हाळा आणि सह्याद्री. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची विश्वासार्हता चाचणी झाली, तीत रोल्स-रॉईसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी उतरविण्यात आली. चाचणीचे अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, आणि वाटेत सहा घाट. आजच्या महामार्गाने खंडाळा, कात्रज, खंबाटकी ओलांडणाऱ्या वाचकाला त्या काळच्या खडीच्या रस्त्यावरून मोटार वर चढविणे काय असेल, याची थोडीफार कल्पना येईल. ही चाचणी ‘पर्ल’ने जिंकली.

घाट चढण्याचे श्रेय इंजिनाला द्यावे लागेल. सात हजार घनसेंटिमीटरचे हे इंजिन तीन-तीन सिलिंडरच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले होते. ते मिनिटाला जेमतेम बाराशे फेऱ्यांत आपली पूर्ण ताकद देत असे. त्यामुळे वारंवार गिअर न बदलता चढ काढता येई. ठोकळा आणि त्याचे डोके एकसंध ओतल्याने मध्ये सांधाच राहत नसे, मग गळतीचा प्रश्नच नाही. खरी धास्ती उतरणीची होती. या गाडीला पुढच्या चाकांचे ब्रेकच नव्हते. ते १९२४ च्या सुमारास आले. दीड-दोन टनांचे धूड घाटातून खाली आणायचे तर सारी भिस्त मागच्या बाजूच्या ब्रेकवर आणि चालकाच्या मनगटावर.

चाचणीनंतर ‘पर्ल’ विकत घेतली ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड, त्यामुळे या मुलखाशी त्यांचे नाते जुनेच. महाराजांचे यंत्रवेड सर्वश्रुत होते. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहुणे आजही पाहतात. एका संस्थानिकाने घेतली म्हटल्यावर इतर मागे राहणे शक्य नव्हते. हैदराबादच्या निजामासाठी १९१२ मध्ये बार्कर कंपनीची पिवळी बॉडी चढविलेली ‘सिल्व्हर घोस्ट’ आली. आज ती चौमहल्ला राजवाड्यात आहे. अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉईस कचरा वाहण्यास जुंपल्याची कथा मात्र जपूनच ऐकावी. तिचे नायक कधी अलवारचे असतात, कधी भरतपूरचे, तर कधी पतियाळाचे!

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कारखाना फक्त चॅसिस आणि इंजिन बनवीत असे. बॉडी ग्राहकाच्या पसंतीने बार्कर, हूपर यांसारखे बग्गी बनविणारे कारागीर बांधून देत. उघड्या छताची प्रवासी बॉडी, शिकारीची बॉडी, बंदिस्त बॉडी, जशी हौस तशी गाडी. १९०६ ते १९२६ या काळात इंग्लंड व अमेरिका मिळून ७,८७६ चॅसिस तयार झाले. एकासारखी दुसरी गाडी सापडणे त्यामुळे अवघडच.

हीच गोष्ट पुढे या गाड्यांच्या मुळावर आली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि मोटारखाने रिकामे होऊ लागले. कित्येक गाड्या मातीमोलाने गेल्या, काही परदेशी पोहोचल्या. सत्तरच्या दशकात सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. पण एका चॅसिसवर दुसऱ्याची बॉडी चढविण्यास कोण आडवणार? जुनी म्हणून दाखविली जाणारी गाडी कितपत मूळची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणास पाच हजार रुपये. प्रदर्शन, संशोधन, रॅली, तसेच इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. रोल्स-रॉईसच्या मालकांची एक सोय मात्र आहे. प्रत्येक चॅसिसला क्रमांक देऊन तिची नोंद कारखान्याने ठेवली होती. इंग्लंडमधील रोल्स-रॉईसप्रेमींच्या क्लबने ती कागदपत्रे सांभाळली असून, मूळ बॉडी कोणाची आणि पहिला ग्राहक कोण, हे त्यांवरून पडताळता येते.