लेखनसीमा : हिशेबाची मराठी आणि मजकूर रचणारी यंत्रे

हिशेबाच्या इतिहासाचा विचार सामान्यतः अंकांच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत टिपणात तो अक्षरांच्या अंगाने करावयाचा आहे. त्यास निमित्त असे की, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे साधन सर्वांस खुले झाल्यापासून स्वतः मजकूर रचून देणारी यंत्रे बँका, पतसंस्था व लेखापालांच्या कचेऱ्या ह्यांत शिरली आहेत. ह्या यंत्रांना वित्तव्यवहारात कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, हा प्रश्न आज विचारला जातो. तो नवा भासतो; परंतु मराठी दप्तराच्या इतिहासात त्याचे एक उत्तर फार पूर्वीपासून नांदत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे हिशेब लिहिणे ही प्रथमपासून लेखनाचीच एक शाखा होती. हेमाद्रीच्या नावावर मोडणाऱ्या मेस्तकांत पत्रांचे मायने व दप्तराचे रिवाज एकत्रच आढळतात. कारकून प्रत्येक पत्र नव्याने रचीत नसे. ठरलेल्या साच्यात प्रसंगाचा मजकूर भरीत असे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सुमारे १६७७ साली सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. १६७४ चा म्हणून ओळखला जाणारा कानुजाबता पाहिला असता ह्या दोन पदांची वाटणी मोठी उद्बोधक वाटते. राज्याचा जमाखर्च चौकशीने पाहणे हे अमात्याचे काम. राजपत्रांतील अधिकउणे अक्षर शोधून मजकूर शुद्ध करणे हे सचिवाचे काम. म्हणजे अंक तपासणारा एक आणि अक्षर तपासणारा दुसरा. साच्यावरून लिहिणारा कारकून ह्या दोहोंहून निराळाच.

मराठी राजपत्राच्या शेवटी मोर्तबाची छोटी मुद्रा उमटवीत. शिवकालीन मोर्तबात मर्यादेचा उल्लेख असे. उत्तरकालीन अनेक मोर्तबांत ‘लेखनसीमा’ हा शब्द येतो. मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी काही जोडू नये, आणि वरच्या मजकुराची जबाबदारी मुद्रा उमटविणाऱ्याची, असा तिचा अर्थ. लिहिणारा हात आणि उत्तरदायी हात वेगळे असू शकतात, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. नाना फडणिसांच्या काळचे जे दप्तर आज पुण्यास रुमालांत बांधलेले आहे, आणि ज्यातील वेचे गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, ते बव्हंशी अनामिक कारकुनांनी लिहिलेले आहे. तरीही त्याची जबाबदारी अनामिक नव्हती.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत हिशेबात आलेल्या यंत्रांनी प्रथम अंकांस हात घातला. आयुर्विमा महामंडळात १९६० च्या दशकात संगणक येऊ घातला तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनासंबंधी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि पुढील वर्षी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने आपला अहवाल दिला. ह्या सर्व वादात कळीचा मुद्दा रोजगाराचा होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु यंत्राने घेतली ती बेरीज, व्याजाची आकारणी आणि खतावणी. अहवाल लिहिणे, थकबाकीदारास पत्र धाडणे, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यास उत्तर देणे ही अक्षरांची कामे माणसाकडेच राहिली.

आता आलेली यंत्रे ह्याच्या उलट दिशेने येत आहेत, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दखंडामागे कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक, हे शिकून ती वाक्य रचतात. म्हणून मायना, सारांश, भाषांतर, नीटनेटका मसुदा ह्यांत ती तरबेज आहेत. बेरजेत मात्र स्वतःच्या बळावर ती भरवशाची नाहीत. बेरीज करणारे जुने यंत्र चुकले तर ताळा जुळत नसे आणि चूक उघडी पडे. मजकूर रचणारे यंत्र चुकते तेव्हा वाक्य मात्र सुरेख जुळलेले असते.

ह्याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखकाने नाशिक शहरातील एका पतसंस्थेत पाहिले. संस्थेच्या सचिवांनी वार्षिक अहवालाचा कच्चा मसुदा अशाच एका साधनाकडून करून घेतला व भाषा तपासण्यासाठी दाखविला. मराठी अगदी निर्दोष होती. मात्र मूळ पत्रकात ‘तसलमात नावे रु. १,२५,०००’ अशी नोंद होती, तिचे मसुद्यात ‘तसलमात यांच्या नावे असलेली ठेव रु. १,२५,०००’ असे झाले होते. कामासाठी आगाऊ उचललेल्या रकमेस तसलमात म्हणतात, आणि ‘नावे’ म्हणजे जमेच्या विरुद्ध बाजू. यंत्राने पहिला शब्द माणसाचे नाव समजला आणि दुसरा त्या नावाचे सामान्यरूप. परिणामी संस्थेचे येणे हे देणे ठरले. अंकात एका पैचाही फरक नव्हता. ताळेबंद जुळतच होता. सचिव क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, “साहेब, मी फक्त आकडे ताडून पाहिले होते.”

ह्या एका वाक्यात विषयाचे सार आले आहे. जमा, नावे, तेरीज, किर्द, निरंक, तसलमात हे शब्द बोलीत एक आणि वहीत दुसराच अर्थ वाहतात, किंवा वहीबाहेर आढळतच नाहीत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड, मराठीचा अल्प, आणि मराठी वहीचा तर नगण्यच असणार. कारण ह्या वह्या दीर्घकाळ मोडीत लिहिल्या गेल्या आणि नंतरच्याही कपाटांत राहिल्या. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर शासकीय परिभाषा घडविण्याचे मोठे काम झाले. परंतु पेढीवरच्या व बाजार समितीतल्या हिशेबी मराठीची सोदाहरण नोंद त्या मानाने कमीच झाली.

मग ही साधने वापरूच नयेत काय? तसे म्हणणे दप्तराच्या इतिहासाशी विसंगत होईल. साच्यावरून मसुदा करणे हे कारकुनाचे काम होते आणि ते यंत्राने करण्यात गैर काही नाही. थकबाकीच्या पत्राचा मसुदा, लांबलचक परिपत्रकाचा सारांश, दोन वर्षांच्या खर्चातील फरकाचे सभासदांना कळेल असे स्पष्टीकरण, गणनपत्रकात घालावयाचे सूत्र ही कामे तेथे वेळ वाचवितात. बेरीज मात्र गणनपत्रकाकडेच असावी. कायद्याचे कलम यंत्राने सांगितले तर मूळ अधिनियमात पाहिल्यावाचून लिहू नये. खातेदाराचे नाव, खातेक्रमांक व कर्जाचा तपशील सार्वजनिक साधनात घालूच नये. केंद्रीय अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कचेरीच्या संगणकावर अशी साधने न वापरण्यास सांगितले, त्यामागे माहितीच्या गोपनीयतेचीच चिंता होती.

रिझर्व्ह बँकेने ह्या विषयावर नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात सूत्रे व २६ शिफारशी असून उत्तरदायित्व हे त्या सूत्रांपैकी एक आहे. ह्या समितीचे अध्यक्ष पुष्पक भट्टाचार्य हे संगणकीय भाषाविज्ञानाचे अभ्यासक. मराठी शब्दजालाचे काम मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाले. वित्तव्यवहाराच्या प्रश्नावर भाषाभ्यासकास पाचारण व्हावे, ह्यात कालाची खूण दिसते. अमात्याच्या दालनात सचिवाची गरज पुन्हा भासू लागली आहे.

नाशिककरांस ह्या बाबतीत दूर जावयास नको. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. कागदावर गव्हर्नरांची सहीदेखील यंत्रच उमटविते. तरीही नोटेस मोल येते ते छपाईच्या सफाईने नव्हे. तीवरील वचन पाळण्यास कायद्याने एक संस्था बांधलेली आहे म्हणून. पतसंस्थेच्या अहवालाचेही तसेच आहे. मसुदा कोणीही करो, त्याखाली सही करणाऱ्याने प्रत्येक ‘नावे’ आणि प्रत्येक ‘जमा’ वाचलेली असली पाहिजे.

ह्या दृष्टीने एक सूचना विद्वानांपुढे ठेवावीशी वाटते. जिल्ह्यातील पतसंस्था, बाजार समित्या व जुन्या पेढ्या ह्यांच्या परवानगीने, खातेदारांची नावे गाळून, हिशेबी शब्दांचा सोदाहरण संग्रह भाषाविभागांनी हाती घ्यावा. मोडी व ‘नावे-जमा’ दोन्ही जाणणारे वृद्ध कारकून आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे. असा संग्रह कोशकारास उपयोगी पडेल, यंत्रांस शिकविणाऱ्यांस पडेल. आणि सर्वांआधी, अहवालाखाली सही करावयास बसलेल्या त्या सचिवांस पडेल.