पूर्णपट्टा ध्वनिक्षेपक
श्राव्य कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांचा) विस्तृत पट्टा एकाच घटकाने पुनरुत्पादित करणारा ध्वनिक्षेपक. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी अमेरिकेत १९२५ मध्ये मांडलेल्या अभिकल्पात चुंबकीय क्षेत्रातील वेटोळे बदलत्या विद्युत् प्रवाहामुळे हलून कागदी शंकूस कंपित करते. खर्जास मोठा, तर तारस्वरास लहान व हलका शंकू लागतो. हा विरोध मिटविण्यासाठी पॉल व्होइट यांनी मोठ्या शंकूत लहान शंकू बसविला. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद पेटीतील हवेचा स्प्रिंगप्रमाणे उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज मिळविला. त्यांच्या ‘एआर-१’मध्ये वरच्या स्वरांसाठी योजलेला ‘ॲल्टेक ७५५ए’ हा मुळात पूर्णपट्टा ध्वनिक्षेपकच होता. पुढे फळीवर मावणाऱ्या पेट्यांतही स्वरांची विभागणी रूढ झाली. तथापि विभाजक मंडल लागत नाही व सर्व ध्वनी एकाच ठिकाणाहून येतो, या गुणांमुळे हा प्रकार टिकून आहे.