हाकललेल्यांची यादी

वारसा हा शब्द कानावर पडला की मी आधी विचारतो, कोणाचा? आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातील बालीकिलक्लाइन या टाउनलँडचा इतिहास वाचताना हाच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला.

टाउनलँड म्हणजे आपल्या अर्थाने गाव नव्हे. स्वतःचे नाव आणि शीव असलेला जमिनीचा तो सर्वांत लहान घटक. आयर्लंडमध्ये असे ६०,००० हून अधिक आहेत. बालीकिलक्लाइन त्यांतलेच एक. सुमारे ६०० एकर जमीन आणि तिच्यावर जगणारी जवळजवळ ५०० माणसे. मालकी ब्रिटिश राजसत्तेची. स्ट्रोक्सटाउनच्या मॅहन या जमीनदार घराण्याकडे ती पट्ट्याने होती. घाम मात्र कुळांचा.

१८३४ मध्ये पट्टा संपला व जमीन थेट सरकारच्या ताब्यात आली. पुढे कुळांनी खंड देणे बंद केले. हा लढा दहा वर्षांहून अधिक काळ चालला. नोटिसा आल्या, पोलीस आले. कुळांनी अर्ज केले, वकील दिला. तरी सरकारी कागदांत ते दंगेखोरच ठरले.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. त्यानंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे मेली. अशा काळात, १८४७-४८ मध्ये, सरकारने बालीकिलक्लाइन रिकामे केले. घर सोडा, जहाजाचे भाडे आम्ही देतो, असा तो सौदा. ३५० हून अधिक माणसे डब्लिन, लिव्हरपूलमार्गे न्यूयॉर्कला पाठवली गेली. मागे घरे जमीनदोस्त झाली. इतिहासकार याला 'सरकारी साहाय्याने स्थलांतर' म्हणतात. मी याला हकालपट्टी म्हणतो. उपाशी माणसाची संमती ही संमती नव्हे.

या माणसांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती हाकलताना सरकारने यादी केली म्हणून. ज्यांनी घरे मोडली त्यांच्याच दप्तरात घरातल्यांची नावे जगली. रॉबर्ट स्कॅली यांनी १९९५ साली या टाउनलँडवर ग्रंथ लिहिला, तोही मुख्यतः अशाच कागदांच्या आधारे. म्हणून दप्तर जाळायचे नाही; उलटे धरून वाचायचे.

आणि दप्तर गप्प बसते तिथे माती बोलते. १९९८ पासून चार्ल्स ऑर्सर यांनी तेथे उत्खनन केले. पाडलेल्या घरांच्या जागी इंग्लंडमध्ये बनलेल्या नक्षीदार बशा-पेल्यांचे तुकडे मिळाले. रानटी ठरवलेल्या या कुळांना चांगल्या भांड्यात खाण्यापिण्याची हौस होती. हौस हीसुद्धा माणूसपणाची साक्ष आहे.

स्ट्रोक्सटाउनचा जमीनदारी वाडा आजही उभा आहे. १९९४ मध्ये तेथेच दुष्काळाचे संग्रहालय उघडले. उपाशी मेलेल्यांची आठवण जतन करायलाही जमीनदाराचाच वाडा लागला, कारण झोपड्या उरल्याच नव्हत्या.

एक फरक मात्र पुसता कामा नये. आयरिश कूळ नागवले गेले, पण त्याच्या सावलीचा विटाळ कोणी मानला नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाची नोंद वतनाच्या, वेठीच्या कागदांत होते, ती त्याच्या जातीसकट. म्हणून आपले वाचन अधिक कठीण आहे. पण रीत तीच. आपल्याविरुद्ध लिहिलेल्या कागदातून आपली माणसे बाहेर काढायची, आणि कागद संपेल तिथे खणायला लागायचे.