तंजावरच्या सपाट जमिनीवरची डोंगरवाली

माणूस आणि निसर्ग यांचं नातं मांडणारे नृत्याचे प्रयोग हल्ली पुण्यात, मुंबईत, चेन्नईत होतात आणि त्यांना ‘समकालीन’ म्हणतात. आजच्या भागात आपण दोनशे वर्षं मागे, तंजावरला जाणार आहोत. तिथल्या भोसले राजाने हाच विषय नृत्यनाट्यासाठी घेतला होता, आणि तोही मराठीत.

आधी जमीन पाहू. फौजेतली सवय आहे, कुठेही गेलं की पहिल्यांदा जमीन बघायची. तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. सगळीकडे कालवे, भातखाचरं, नारळ. उंच म्हणावं असं एकच, बृहदीश्वराचं विमान, आणि तेही माणसाने रचलेलं. अशा सपाट मुलखात एका डोंगरवाल्या बाईचं नाटक नाचलं जाई. ही कुरव जमातीची बाई म्हणजे कुरवंजी, आणि तिच्यावरूनच त्या नाट्यप्रकाराला नाव पडलं.

कथानक ठरलेलं असतं. राजाची किंवा देवाची मिरवणूक निघते, नायिका त्याला पाहून प्रेमात पडते, चंद्रावर चिडते, वाऱ्यावर रुसते. मग काखेत टोपली, हातात काठी घेऊन कुरवंजी येते. भविष्य सांगण्याआधी ती आपला डोंगर सांगते. तिथले धबधबे, मध, कंदमुळं, पाऊस. नर्तकीकडे यासाठी पडदे नव्हते की देखावे नव्हते. एका पताक हस्तातून ढग, रान, नदी दाखवायची. पुढे तिचा नवरा सिंगन जाळं घेऊन येतो, तो पारधी. शेतात पाखरांचे थवे कसे उतरतात याचंच एक मोठं गाणं होतं. म्हणजे निसर्ग हा इथे मागचा देखावा नाही. नायिकेला जे कळत नाही ते डोंगरात राहणाऱ्या बाईला कळतं, नाटक या खुंटीवर टांगलेलं आहे.

दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्यावर तमिळ कवी शिवक्कोळुंदु देशिकर यांनी ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली. ती बृहदीश्वराच्या मंदिरात उत्सवात होत असे. पण मला जास्त मोलाची वाटते ती सरफोजींच्या नावावरची मराठी रचना, ‘देवेंद्र कुरवंजी’. हिच्यात कुरवंजी थेट इंद्राणीपुढे उभी राहते आणि आपल्या डोंगराऐवजी सगळ्या पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. सरफोजींवर श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या शिकवणीचा संस्कार होता, युरोपातली पुस्तकं आणि नकाशे त्यांच्या संग्रहात होते. हे नवं ज्ञान कोणाच्या तोंडी घालायचं? एखाद्या पंडिताच्या नाही. पायी हिंडणाऱ्या बाईच्या. ज्याने स्वतः पायी मुलूख तुडवलाय त्यालाच मुलूख विचारावा, हे कुठल्याही पलटणीतला वाटाड्या तुम्हाला सांगेल.

आता त्यामागची बोचरी गोष्ट. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. महाराजांच्या हातात उरला होता किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग. ना फौज, ना महसुलावर ताबा. अशा राजाच्या नावावर साऱ्या पृथ्वीचं गाणं आहे. कोणी याला विरंगुळा म्हणेल. मला तसं वाटत नाही. महाराज १८२० साली काशीयात्रेला निघाले आणि दोन वर्षांनी परतले. जग पाहण्याची ओढ खरी होती. आणि ही नृत्यरचना म्हणजे शिकवण्याचं साधन होतं, ज्याला आज आपण शैक्षणिक प्रयोग म्हणू.

तरी एक प्रश्न सुटत नाही. रंगमंचावरच्या कुरवंजीला इंद्राणी मान देते. मंचाबाहेरच्या कुरवांचं काय झालं? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मद्रास इलाख्यालाही लागू झाला आणि कोरव लोकांची त्यात नोंद झाली. हिंडणं हीच ज्यांची विद्या, त्यांना हजेरी लागली. गाणाऱ्या-नाचणाऱ्या देवदासींचा मंदिराशी असलेला संबंधही १९४७च्या मद्रास कायद्याने तुटला. त्या कायद्याची गरज होती हे मान्य, पण त्यांच्याबरोबर मंदिरातली कुरवंजीही गेली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९४४ साली कलाक्षेत्रात ‘कुट्राल कुरवंजी’ बसवली म्हणून हा प्रकार नव्या रंगमंचावर जिवंत राहिला.

मराठी माणसाला कुरव परके वाटतील. ते परके नाहीत. आपल्याकडचे कैकाडी त्यांचेच नातलग, त्यांची बोली तमिळच्या कुळातली आणि कोरवांच्या बोलीला जवळची. टोपल्या विणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कुरवंजीच्या काखेतली टोपली आठवा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं ते याच समाजातून. कैकाड्यांवरही गुन्हेगारीचा शिक्का होता, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत त्यांना डांबलं होतं. तो कायदा उठला १९५२ साली.

‘देवेंद्र कुरवंजी’ त्याआधी दोनच वर्षं, १९५० साली, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापली. मुंबई-पुण्यातल्या नृत्यशाळांमधून मी तिची चौकशी करत असतो. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली तिल्लाना छान सांगतात, या मराठी पुस्तकाचं नाव मात्र एकीनेही ऐकलेलं नव्हतं.