मँगनीज ऑक्साइड आणि धातू–विद्युतरोधक संक्रमण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोहाडीच्या उत्तरेस लागून असलेल्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मँगनीज निक्षेपांवरील बृहद्ग्रंथात तत्कालीन मध्य प्रांतातील या पट्ट्याला महत्त्वाचे स्थान आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या 'मॉइल'कडे या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटांत वापरले जाते. आपल्याकडे या मूलद्रव्याचा इतिहास टनांत आणि रेल्वेच्या वाघिणींत मोजला गेला. परंतु घन अवस्था भौतिकीच्या इतिहासातही मँगनीजचे एक प्रकरण आहे. त्याचा परामर्श घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

पट्ट सिद्धांतापुढील पेच

१९३१ मध्ये ए. एच. विल्सन यांनी पट्ट सिद्धांताच्या आधारे धातू व विद्युतरोधक यांतील भेद स्पष्ट केला. अंशतः भरलेला पट्ट असल्यास पदार्थ धातू, पूर्ण भरलेले पट्ट असल्यास विद्युतरोधक, असा हा नियम. मँगनीज मोनॉक्साइडमध्ये मँगनीजचे २५ व ऑक्सिजनचे ८ मिळून ३३ इलेक्ट्रॉन होतात. प्रत्येक पट्टात एकक कोशामागे दोनच इलेक्ट्रॉन सामावत असल्याने विषम संख्येमुळे एक तरी पट्ट अपूर्ण राहतो. म्हणजे नियमानुसार हा पदार्थ धातू ठरावयास हवा. प्रत्यक्षात तो विद्युतरोधक आहे. १९३७ मध्ये द बोअर व व्हर्वे यांनी अशा ऑक्साइडांकडे लक्ष वेधले.

१९४९ मध्ये नेव्हिल मॉट यांनी या पेचाची उकल इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणात शोधली. एकाच अणूवर जादा इलेक्ट्रॉन आणण्यास लागणारी ऊर्जा मोठी असेल, तर इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी जखडून राहतात. त्याच वर्षी शल व स्मार्ट यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने याच ऑक्साइडमधील प्रतिलोहचुंबकत्व दाखविले. १९५१ मध्ये स्लेटर यांनी चुंबकीय रचनेमुळे एकक कोश दुप्पट होतो व म्हणून पदार्थ विद्युतरोधक बनतो, असे सुचविले. तथापि सुमारे ११८ केल्विनच्या वर ही रचना नाहीशी होऊनही पदार्थ विद्युतरोधकच राहतो. त्यामुळे मॉट यांचे स्पष्टीकरण अधिक समर्पक ठरते.

संक्रमण आणि क्रांतिक बिंदू

दाब वाढविल्यास अणू जवळ येतात, इलेक्ट्रॉनांची ये-जा सुलभ होते व विद्युतरोधकाचा धातू होऊ शकतो. मँगनीज मोनॉक्साइडमध्ये हे संक्रमण सुमारे १० लक्ष वातावरणदाबाला घडत असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. १८६९ मध्ये अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडबाबत दाखविले होते की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रव व वायू हा भेदच उरत नाही. २००३ मध्ये क्रोमियममिश्रित व्हॅनेडियम ऑक्साइडवरील प्रयोगांत सुमारे ४५७ केल्विनला असाच क्रांतिक बिंदू आढळला. त्याच्या सान्निध्यात विद्युतवाहकतेचे वर्तन द्रव–वायू संक्रमणाच्याच नियमांना अनुसरते. पाणी उकळणे आणि इलेक्ट्रॉन मुक्त होणे या वरकरणी असंबद्ध घटना येथे एका सूत्रात येतात.

मँगनाइट व भारतीय योगदान

१९५० मध्ये योंकर व व्हॅन सान्टेन यांनी लँथॅनमयुक्त मँगनीज ऑक्साइडांत कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम वा बेरियम मिसळून लोहचुंबकत्व प्राप्त केले. पुढील वर्षी झेनर यांनी त्याची मीमांसा केली. १९९० च्या दशकात चुंबकीय क्षेत्रामुळे यांचा विद्युतरोध प्रचंड घटतो, हे लक्षात आल्यावर या संयुगांवर जगभर संशोधन झाले. प्रा. सी. एन. आर. राव यांनी बर्नार्ड राव्हो यांच्यासमवेत १९९८ मध्ये या विषयावरील ग्रंथ संपादित केला.

निष्कर्ष

येथील धातुक म्हणजे ही प्रयोगशाळेतील शुद्ध संयुगे नव्हेत. त्यामुळे स्थानिक अभिमानाचा दावा करण्याचे कारण नाही. मात्र पदवी वर्गात विल्सन यांचा नियम अंतिम सत्य म्हणून शिकविला गेला, तर विद्यार्थ्याला त्याची मर्यादा कळत नाही. आपल्या जिल्ह्यात निघणाऱ्या मँगनीजचेच एक साधे ऑक्साइड तो नियम मोडते, हे त्यास सांगणे आवश्यक आहे. खनिजाचे उत्खनन येथे आणि त्यामागील प्रश्न मात्र अन्यत्र, ही विभागणी निदान आपल्या वर्गखोल्यांत तरी संपावी.